कॉक्लिअर इम्प्लांटनंतर रोजच्या ऐकण्याची घडी कशी बसवावी

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणतंतूंना विजेचे स्पंद देऊन ऐकवणारे यंत्र, बसवण्याच्या शस्त्रक्रियेची जखम भरून आली की साधारण दोन ते चार आठवड्यांनी त्याचा बाहेरचा, कानामागे लावायचा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू केला जातो. काही ठिकाणी तो दुसऱ्या दिवशीच सुरू करतात. घरातले सगळे त्या दिवसाची वाट पाहत असतात आणि अनेकांची पहिली निराशाही तिथेच होते, कारण कानावर जे पडते ते ओळखीचे बोलणे नसते. कोणाला नुसती चिवचिव ऐकू येते, कोणाला डब्यातून बोलल्यासारखा आवाज येतो, तर कोणाला प्रत्येक अक्षराबरोबर शिट्टी वाजल्यासारखे वाटते. मला ऑडिओलॉजिस्टचा, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचा, आणि शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीचा आवाज सारखाच, बारीक घंटी किणकिणावी तसा ऐकू येत होता आणि कोण बोलत आहे हे ओठ पाहूनच कळत होते. हा लेख त्या खोलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसासाठी आहे. ज्यांना बोलता-ऐकता येत होते, मोठेपणी ज्यांची श्रवणशक्ती गेली आणि आता जे इम्प्लांटवर ऐकू लागले आहेत, ते आणि त्यांच्या घरची मंडळी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. लहान मुलांचा मार्ग बराच वेगळा असतो, त्याविषयी पुढे थोडेच लिहिले आहे.

आवाज असा विचित्र का येतो

कानामागच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज टिपतो. प्रोसेसर त्या आवाजाचे उंच ते खालच्या स्वरांप्रमाणे वेगवेगळे पट्टे पाडतो आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेली कॉइल ही माहिती रेडिओ लहरींच्या साहाय्याने त्वचेखालच्या इम्प्लांटकडे पाठवते. इम्प्लांटपासून निघालेली बारीक तार अंतर्कर्णाच्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लिआत, सरकवलेली असते आणि तिच्यावरचे इलेक्ट्रोड श्रवणतंतूंना थेट विजेचे हलके स्पंद देतात. निरोगी कॉक्लिआत हे काम आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केशपेशी करत असतात, तर इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. शिवाय कॉक्लिआच्या तोंडाशी उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खालचे स्वर अशी मुळातली मांडणी असते, आणि तार बहुधा अगदी टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे खालच्या स्वरांची माहितीही वरच्या जागी पोहोचते आणि सुरुवातीला सगळे जग चिरक्या आवाजात बोलू लागते.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की श्रवणयंत्राच्या दिवसांतला एक हिशेब आता सोडून द्यावा लागतो. श्रवणयंत्राचा आवाज वाढवला की थोडे अधिक कळत असे. इथे आवाज पुरेसा असूनही शब्द कळत नाहीत, कारण मेंदूला ही नवी मांडणी अजून ओळखीची झालेली नसते. ती ओळख होण्याचा सर्वांत वेगवान काळ पहिल्या तीन ते सहा महिन्यांचा असतो. सुधारणा त्यानंतरही वर्षभर, कित्येकांच्या बाबतीत त्याहूनही पुढे, चालू राहते.

मॅपिंगला जाताना वही घेऊन जा

प्रत्येक इलेक्ट्रोडवर विजेचा किती स्पंद दिला असता आवाजाची जेमतेम चाहूल लागते आणि किती दिला असता तो मोठा पण सुसह्य वाटतो, या दोन पातळ्या ऑडिओलॉजिस्ट ठरवतात. त्या सगळ्यांचा मिळून जो आराखडा होतो त्याला मॅप म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत या पातळ्या भराभर बदलतात, म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळजवळ असतात आणि पुढे त्या महिन्यांच्या व शेवटी वर्षाच्या अंतराने होतात. प्रोसेसरमध्ये बहुधा चढत्या पातळीचे तीन-चार प्रोग्रॅम भरून दिलेले असतात. दर थोड्या दिवसांनी पुढच्या प्रोग्रॅमवर जायला सांगितले असेल तर ते जरूर करावे. पहिलाच प्रोग्रॅम सुखाचा वाटतो म्हणून महिनाभर त्यावरच राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा तो महिना वाया गेला याचे मला वाईट वाटते.

मॅपिंगची भेट किती उपयोगी पडेल हे तुम्ही काय सांगता यावर बरेच अवलंबून असते. “नीट ऐकू येत नाही” या वाक्यावरून ऑडिओलॉजिस्टला काहीच करता येत नाही. “भांड्यावर भांडे आपटले की कानात टोचते”, “बायकांचे बोलणे कळते पण पुरुषांचे घुमते”, “स आणि श सारखेच वाटतात”, “माझाच आवाज मला फार मोठा ऐकू येतो” अशी वाक्ये मात्र सरळ कामाला येतात. ही वाक्ये त्या त्या वेळी वहीत लिहून ठेवावीत, कारण भेटीच्या दिवशी ती हमखास आठवत नाहीत. एखाद्या आवाजाबरोबर गाल किंवा पापणी फडफडत असेल तर तेही सांगावे. एखादा इलेक्ट्रोड चेहऱ्याच्या मज्जातंतूला चाळवत असेल तर त्याची पातळी कमी करता येते किंवा तेवढा इलेक्ट्रोड बंद ठेवता येतो. आणि भिडेपोटी नको इतका मोठा आवाज सहन करू नये. टोचणारा प्रोसेसर माणूस घरी गेल्यावर काढून ठेवतो, आणि तिथेच सगळे अडते.

पहिले तीन महिने

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की जागे असू तोवर प्रोसेसर डोक्यावर असावा. पहिल्या आठवड्यात थकवा येतो, डोके जड होते. तेव्हा पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे आणि पुन्हा लावावा. बहुतेक नवे प्रोसेसर रोज किती तास वापर झाला याची नोंद स्वतःच ठेवतात आणि ऑडिओलॉजिस्टला ती दिसते, म्हणून तास वाढवून सांगण्यात अर्थ नाही. ती नोंद समोर ठेवून मोकळेपणाने बोलणे अधिक फायद्याचे असते.

बोलणे कळण्याच्या आधी घरातले आवाज ओळखीचे करून घ्यावेत. दार, नळ, पावले, घड्याळ, पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज, असा एकेक आवाज आधी डोळ्यांनी पाहत आणि मग पाठमोरे होऊन ऐकावा. तिसऱ्या आठवड्यात मला सतत एक खरखर ऐकू येऊ लागली. ती मधेच थांबे आणि पुन्हा सुरू होई. तारेत बिघाड असावा असे समजून मी वही उघडली आणि तक्रार लिहायला बसलो, तर खरखर वाढली. मुलीने माझा हात हळूच धरला आणि आवाज थांबला. हात सोडला, मी पुढचा शब्द लिहिला आणि आवाज पुन्हा आला. तो माझ्याच पेनाचा कागदावरचा आवाज होता आणि अकरा वर्षांत मी तो ऐकला नव्हता. तुम्हालाही असे आवाज सापडतील. एखादा आवाज बिघाड आहे असे ठरवण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारावे, “तुम्हालाही काही ऐकू येते आहे का?”

बोलण्याच्या सरावासाठी रोज अर्धा तास ठरवून काढावा. सलग जमत नसेल तर दोन वेळा पंधरा मिनिटे पुरतात. सुरुवात अगदी सोप्यापासून करावी: सोबत्याने, म्हणजे सरावाला बसलेल्या घरच्या माणसाने, लहान शब्द उच्चारला की लांबलचक, एवढेच ओळखावे, म्हणजे “ये” आणि “विद्यार्थिनी” यांतला फरक. त्यानंतर आठवड्याचे वार, महिने, एक ते वीस अंक अशा यादीतला शब्द ओळखावा, कारण उत्तर ठरावीक शब्दांपैकीच असेल हे ठाऊक असले की मेंदूला आधार मिळतो. पुढची पायरी वाचनाची. सोबती वर्तमानपत्रातला परिच्छेद सावकाश पण नेहमीच्या चालीत वाचत असताना तुम्ही त्याच मजकुरावर बोट फिरवत जायचे. तो मध्येच थांबला की शेवटचा शब्द कोणता होता ते दाखवायचे. मला स्वतःला या एका सरावाने जेवढी मदत केली तेवढी दुसऱ्या कशानेही केली नाही. हे जमू लागले की ध्वनिमुद्रित पुस्तक छापील प्रत समोर ठेवून ऐकता येते, आणि मग छापील प्रत बाजूला ठेवून.

मराठीत ऐकताना काही जोड्या विशेष अडवतात आणि त्यांच्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागते. स्वर तुलनेने लवकर पकडता येतात, म्हणून “पाणी” आणि “पोळी” यांत फारसा घोटाळा होत नाही. पण “पाट” आणि “पाठ”, “ताट” आणि “थाट”, “काळ” आणि “गाळ”, “साल” आणि “शाल”, “वेल” आणि “वेळ”, “मन” आणि “मण” या जोड्यांत फरक फार थोडा असतो. सोबत्याने जोडीतला एक शब्द म्हणावा आणि तुम्ही कागदावरच्या दोनांपैकी एकावर बोट ठेवावे. दहांपैकी सात-आठ वेळा बरोबर यायला लागले की नवी जोडी घ्यावी. रोज नुसती चुकणारीच जोडी घोटत बसू नये, त्याने मन उतरते. “वेल” आणि “वेळ” मला अजूनही सुटे शब्द म्हणून नेहमी ओळखता येतात असे नाही, पण “किती वेळ लागेल” या वाक्यात ते अडत नाही, कारण भोवतीचे शब्द अर्थ सांगून जातात. म्हणून सुट्या शब्दांच्या सरावाला वाक्यांच्या सरावाची जोड असावीच.

रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर एक मिनिटाची तपासणी करावी. आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा आवाज सोबत्याने तुमच्या बाजूला किंवा मागे उभे राहून, आधी एक मीटरवरून आणि मग तीन मीटरवरून, क्रम बदलत म्हणावेत आणि तुम्ही ते परत म्हणून दाखवावेत. ही तपासणी डॅनिएल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. बोलण्यातल्या खालच्या स्वरांपासून सर्वांत उंच स्वरांपर्यंतचा पट्टा या सहा आवाजांत सामावतो. काल कळत असलेला “स” आज कळेनासा झाला, तर बहुधा मायक्रोफोनमध्ये किंवा मॅपमध्ये काहीतरी बदलले आहे. तपासताना तोंडावर हात मात्र धरू नये, कारण त्याने आवाजच बदलतो.

दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल आणि त्याचा उपयोग होत असेल तर ते चालू ठेवावे. दोन्ही मिळून बोलणे अधिक भरीव लागते. सरावाच्या वेळी मात्र ते काढून केवळ इम्प्लांटने ऐकावे, कारण मेंदू ओळखीच्या कानाकडेच पुन्हा पुन्हा वळतो.

समोरच्या माणसाशी बोलताना

शांत खोलीत एका माणसाशी उत्तम बोलणारा इम्प्लांटधारक चारचौघांत गप्प होतो, हे घरच्यांना सुरुवातीला कळत नाही. “आत्ता तर सगळे ऐकू येत होते” असे वाक्य तेव्हा ऐकावे लागते. याचे कारण समजून घेतले तर गैरसमज टळतात. उघड्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली येतो, पण भोवतालचा गोंगाट तेवढाच राहतो. त्यात उघड्या भिंतींचा प्रतिध्वनी मिसळला की इलेक्ट्रोडवर पोहोचणारी माहिती चिखलासारखी एकजीव होते. म्हणून गोंगाटात आवाज वाढवण्यापेक्षा जवळ सरकणे अधिक उपयोगी पडते. हाताच्या अंतरावर बसावे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा आणि त्याच्या पाठीमागे खिडकी नसावी. गोंगाट तुमच्या पाठीशी आणि माणूस समोर येईल अशी जागा निवडावी, कारण अनेक प्रोसेसरचे मायक्रोफोन समोरचा आवाज अधिक घेतील असे लावता येतात. इम्प्लांट एकाच बाजूला असेल तर ती बाजू बोलणाऱ्याकडे ठेवावी आणि भिंतीकडे कधीही ठेवू नये.

ओठ वाचणे सोडण्याची गरज नाही. १९८४ साली अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या इम्प्लांटमध्ये एकच इलेक्ट्रोड होता आणि त्याचा मुख्य लाभ ओठवाचनाला मिळणाऱ्या साथीचाच होता. आजची यंत्रे फार पुढे गेली आहेत, तरी गर्दीत डोळ्यांची मदत तितकीच मोलाची राहते.

न कळलेले पुन्हा विचारण्याचीही एक रीत असते. नुसते “काय?” म्हटले की समोरचा माणूस संपूर्ण वाक्य पुन्हा, बहुधा ओरडून आणि वैतागून, म्हणतो, आणि ओरडल्याने उच्चार बिघडून शब्द आणखी हरवतात. त्याऐवजी जेवढे कळले तेवढे सांगून उरलेले विचारावे: “उद्या निघायचे हे कळले, किती वाजता म्हणालास?” यामुळे समोरच्याला दोनच शब्द पुन्हा म्हणावे लागतात आणि आपण लक्ष देऊन ऐकत होतो हेही त्याला दिसते. दुसऱ्यांदाही कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगायला सांगावे. वेळ, रक्कम, पत्ता, औषधाचे प्रमाण या चार गोष्टी नेहमी आपण स्वतः परत म्हणून दाखवाव्यात किंवा लिहून घ्याव्यात. न कळता मान डोलावण्याची सवय बहिरेपणाच्या वर्षांत आपल्या सर्वांनाच लागलेली असते. ती सुटायला वेळ लागतो, पण ती सोडलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे सराव तर बुडतोच, शिवाय एखाद्या दिवशी नको त्या गोष्टीला होकार जातो.

घरच्यांसाठी सूचना थोड्या आहेत. आधी नावाने हाक मारावी, तुम्ही वळलात की विषय सांगावा आणि मग बोलावे. दुसऱ्या खोलीतून बोलू नये. नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश, पण शब्द न तोडता बोलावे. आणि एक विनंती मी सर्वांच्या वतीने करतो. हसणे उसळले, कशावर ते विचारले आणि उत्तर आले, “जाऊ दे, काही विशेष नव्हते.” हे ऐकल्यावर माणूस हळूहळू विचारणेच सोडून देतो. आमच्या घरी “जाऊ दे” म्हणायचे नाही असे ठरले आहे. गोष्ट क्षुल्लक असली तरी ती सांगायची, आणि त्याच क्षणी सांगता येत नसेल तर “दोन मिनिटांत सांगते” असे म्हणून खरोखर सांगायची.

फोन, दूरचित्रवाणी आणि संगीत

फोनची सुरुवात ओळखीच्या आवाजापासून आणि आधी ठरवलेल्या विषयापासून करावी. ब्लूटूथने आवाज थेट प्रोसेसरमध्ये येण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर फोन कानाच्या भोकाशी न धरता प्रोसेसरच्या मायक्रोफोनपाशी धरावा. बातम्या ऐकताना आधी पडद्यावरच्या अक्षरांसह आणि नंतर अक्षरे झाकून ऐकणे हा चांगला सराव आहे. सभेत किंवा वर्गात वक्त्याजवळ ठेवायचा वायरलेस मायक्रोफोन अंतराची अडचण जवळजवळ मिटवतो. त्याची मागणी करायला संकोच करू नये.

संगीताबाबत मी सावधपणे लिहितो, कारण ते ज्याच्या त्याच्या जिव्हाळ्याचे असते. ताल इम्प्लांटवर चांगला पोहोचतो, सूर मात्र पुरेसे पोहोचत नाहीत, आणि अनेक वाद्ये एकत्र वाजली की कल्लोळ होतो. बहिरेपणाच्या आधी पाठ असलेले, एकाच आवाजातले आणि थोड्या साथीचे गाणे शब्द समोर ठेवून ऐकावे. आठवण सुरांची भरपाई करते आणि काही महिन्यांनी ते गाणे पुन्हा गाण्यासारखे लागू लागते.

ओलावा, सेल आणि रात्र

घाम आणि दमटपणा हे प्रोसेसरचे रोजचे शत्रू आहेत. रात्री तो कोरड्या कापडाने पुसून, सेल काढून, ओलावा शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवावा, आणि शोषक गोळीचा रंग बदलला की ती बदलावी. पोहताना किंवा पावसात त्यासाठी बनवलेले जलरोधक आवरण वापरावे. ६७५ आकाराचे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. त्यांची पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग ते बसवावेत. मायक्रोफोनची जाळी तुंबली की आवाज इतका हळूहळू मंदावतो की वापरणाऱ्याला कळतही नाही. म्हणून ती सांगितलेल्या मुदतीत बदलावी.

प्रोसेसर काढल्यावर कॉइलखालच्या त्वचेवरून बोट फिरवून पाहावे. लाली, दुखरेपणा किंवा खोलगट वण दिसला तर चुंबक अधिक घट्ट आहे, आणि कमी ताकदीचा चुंबक बदलून मिळतो. रात्री प्रोसेसर काढलेला असताना काहीच ऐकू येत नाही हे घरात सर्वांनी लक्षात ठेवावे. उशीखाली थरथरणारे घड्याळ आणि दिवा लागणारी दारघंटी ही सोय पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी

इम्प्लांटचे कार्ड सदैव जवळ असावे. एमआरआय करण्यापूर्वी ते दाखवलेच पाहिजे, कारण आत चुंबक असतो. तुमच्या मॉडेलला किती टेस्लापर्यंतचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्र चालते, डोक्याला पट्टी बांधावी लागते की चुंबक काढावा लागतो, हे त्यावरूनच ठरते. बाहेरचा प्रोसेसर तर त्या खोलीत नेऊच नये. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी सर्जनला सांगावे, कारण डोके आणि मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारे उपकरण) वापरणे इम्प्लांटला घातक ठरू शकते. त्या भागात शेक म्हणून दिली जाणारी डायथर्मीही टाळावी लागते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनला अडचण नसते. मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा, धोका इम्प्लांट असलेल्यांत थोडा अधिक असल्याने न्यूमोकोकल लस घेतली आहे ना याची खात्री करावी. ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान ताठ होणे अशी लक्षणे एकत्र आली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

लहान मुलांविषयी थोडे

मूल बोलायला अजून शिकत असल्याने त्याला आठवणीचा आधार नसतो. म्हणून जागेपणीचे सगळे तास आणि थेरपिस्टचे नियमित मार्गदर्शन या दोन्ही गोष्टींना पर्याय नाही. आपण करतो आहोत ते काम मुलाच्या शेजारी बसून शब्दांत सांगत राहणे हाच मुख्य सराव होय. बटणासारखे सेल मुलाने गिळले तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे सेलचे झाकण कुलपाचे असावे आणि सुटे सेल मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज साठते, म्हणून तिथे प्रोसेसर काढून ठेवणे बरे.

आवाज अचानक गेला तर

घाबरून न जाता एकेक भाग बदलत जावे. आधी भरलेला सेल बसवून पाहावा, मग कॉइल नीट चिकटली आहे का ते पाहावे, मग योग्य प्रोग्रॅम चालू आहे का हे तपासावे, आणि शेवटी कॉइलची तार बदलावी. सर्वांत आधी खराब होणारा भाग बहुधा तारच असते. तरीही आवाज आला नाही तर काही तास ड्राय बॉक्समध्ये ठेवून पुन्हा प्रयत्न करावा आणि मग ऑडिओलॉजिस्टला कळवावे. सगळे बाहेरचे भाग बदलूनही शांतताच असेल, किंवा आवाज तुटत असून डोक्याच्या त्या भागाला मार लागला असेल, तर कळवायला उशीर करू नये. याचसाठी घराबाहेर पडताना एक छोटी पिशवी जवळ ठेवावी: दोन भरलेले सेल, जादा तार, कोरडे कापड, इम्प्लांटचे कार्ड, आणि लिहून संवाद साधण्यासाठी लहान वही व पेन. विमानप्रवासात जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच असाव्यात, आणि धातुशोधक यंत्र वाजलेच तर कार्ड दाखवावे.